घरच्या टँकमध्ये सिक्लिडची पैदास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरात गेली बारा-तेरा वर्षं सिक्लिड मासे आहेत. सुरुवात एंजलच्या सहा पिल्लांपासून झाली आणि तेव्हापासून घरात एक तरी जोडी अंड्यांवर बसलेली असते. मासे पाळणारी ओळखीची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळ्यात जास्त एंजलबद्दल लिहिलंय, कारण आपल्याकडे बहुतेकांची पहिली अंडी तीच असतात. एक गोष्ट आधीच सांगतो. सिक्लिडकडून अंडी मिळवणं फारसं अवघड नाही. त्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू दोन महिन्यांचं करणं अवघड आहे, आणि त्याची तयारी अंडी दिसण्याच्या आधी करावी लागते.

सिक्लिड म्हणजे नेमके कोणते मासे? दुकानदार तर ‘चिचलिड’ म्हणतो.

उच्चार सिक्लिड. पण दुकानात ‘चिचलिड’ किंवा ‘सिचलिड’ म्हणालात तरी काम होतं, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ बहुधा आफ्रिकेतल्या मलावी तलावातले निळे-पिवळे मासे एवढाच असतो. खरं तर हे कुटुंब खूप मोठं आहे. दक्षिण अमेरिकेतले एंजल, डिस्कस, ऑस्कर आणि रॅम, मध्य अमेरिकेतला कन्व्हिक्ट, पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस हे सगळे सिक्लिडच. बाजारात मिळणारी तिलापिया, म्हणजे उजनीच्या बाजूला जिला चिलापी म्हणतात, तीही सिक्लिड. आणि गोव्याच्या खाडीतला काळुंदरही.

या सगळ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे पिल्लांची काळजी. बार्ब किंवा टेट्रा अंडी टाकतात आणि पुढे निघून जातात, संधी मिळाली तर स्वतःचीच अंडी खातात. सिक्लिड अंडी राखतात, त्यांना पंखांनी वारा घालतात, पिल्लांना घेऊन फिरतात. म्हणून तर यांचं वेड लागतं.

पहिल्यांदाच करतोय. कोणता मासा घेऊ?

हमखास पिल्लं बघायची असतील तर कन्व्हिक्ट. कोणत्याही बऱ्या पाण्यात, साध्या मातीच्या कुंडीत अंडी घालतो आणि पिल्लं जिवापाड राखतो. अडचण एकच, नंतर ती पिल्लं कुणी घेत नाही. दुकानदार हात जोडतो.

म्हणून माझा सल्ला एंजल किंवा क्रिबेन्सिस. टँक लहान असेल तर क्रिब, उंच असेल तर एंजल. दोन्हींची पिल्लं दुकानात घेतली जातात आणि दोन्ही मासे आपल्या नळाच्या पाण्यात रमतात.

नर-मादी कशी ओळखायची? ‘पक्की जोडी’ म्हणून मिळते ती घ्यावी का?

एंजलमध्ये एरवी ओळखता येत नाही. डोक्यावरच्या उंचवट्यावरून, पंखांच्या लांबीवरून अंदाज सांगणारे भेटतील, पण ते अंदाजच. खात्रीची खूण फक्त अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी दिसते. पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. मादीची नळी जाड आणि टोकाला बोथट असते, नराची बारीक, टोकदार आणि थोडी पुढे झुकलेली. तीही बघायला टँकसमोर मांडी ठोकून बसावं लागतं.

‘पक्की जोडी’ कधी खरी निघते, कधी दोन माद्या निघतात. दोन माद्याही एकमेकींशी जोडी जमवतात, पान साफ करतात, दोघी मिळून अंडी घालतात आणि तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. माझ्याकडे पाच महिने हेच चाललं होतं. शेवटी एका पानावर नेहमीपेक्षा दुप्पट अंडी दिसली तेव्हा लक्षात आलं.

त्यापेक्षा रुपयाएवढी सहा ते आठ पिल्लं घ्या, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून, आणि एकत्र वाढवा. आठ-दहा महिन्यांत त्यातले दोघं बाजूला होतात, एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना तिकडे फिरकू देत नाहीत. ती तुमची जोडी. आपण जुळवलेल्या जोडीपेक्षा त्यांनी निवडलेली जोडी कितीतरी चांगली टिकते.

इतर माशांमध्ये काम सोपं आहे. क्रिबची मादी आखूड, गोलसर आणि पोटावर जांभळट लाल, चेरीच्या रंगाची. कन्व्हिक्टच्या मादीच्या पोटावर केशरी खवले दिसतात, नराच्या पोटावर बहुधा नसतात.

टँक केवढा हवा?

एंजलच्या एका जोडीला दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण शंभर लिटर. उंची कमी करू नका. तळाला खडे, वाळू काही नको. नुसती काच बरी, उरलेलं अन्न आणि घाण लगेच दिसते आणि नळीने ओढून काढता येते. एक स्पंज फिल्टर, एक हीटर, आणि अंडी घालायला उभी धरलेली एखादी सपाट वस्तू. दुकानात पाटीच्या दगडाच्या पट्ट्या मिळतात. मी मंगलोरी कौलाचा तुकडा वापरतो, घासून, उकळत्या पाण्यातून काढून, काचेला तिरका टेकवलेला. हे सगळं करूनही ते फिल्टरच्या नळीवर अंडी घालू शकतात. घालू द्या.

क्रिबला दोन फुटी टँक, तळाला बारीक वाळू आणि लपायला गुहा. नारळाची अर्धी करवंटी घ्या, कडेला मासा जाईल एवढी खाच पाडा, पाण्याचा रंग उतरेपर्यंत दोन-तीनदा उकळा आणि पालथी ठेवा. याहून चांगली गुहा विकत मिळत नाही.

मोटारवाला फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा. अडीचशे पिल्लं एका रात्रीत ओढली गेलेली मी पाहिली आहेत.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. चालेल?

कोणत्या माशाला, यावर ते आहे. मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी धरण-तलावांतलं, बऱ्यापैकी मृदू. एंजल, क्रिब, रॅम यांना ते मानवतं. बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार जास्त असतात. त्यात एंजल जगतात, वाढतात, अंडीही घालतात, पण अंडी फळण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं. अशा वेळी आरओचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून बघा. उलट मलावीच्या माशांना कठीण, अल्कधर्मी पाणीच लागतं, कारण त्या तलावाचा पीएच पावणेआठ ते साडेआठच्या आसपास असतो. तुमच्या बोअरला सोन्याचा भाव आला समजा.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. एक दिवस उघड्या पिंपात हवा सोडून ठेवा किंवा अँटी-क्लोरिन टाका. मोठ्या माशाला जे क्लोरिन नुसतं चुरचुरतं ते चार दिवसांच्या पिल्लाला मारतं.

आणि पीएच कमी-जास्त करायच्या बाटल्यांच्या मागे लागू नका. पाणी रोज बदलत्या गुणाचं असण्यापेक्षा थोडं नावडतं पण स्थिर असलेलं बरं.

जोडी जमली, पण दोन महिने झाले तरी अंडी नाहीत. काय करू?

खाणं आणि पाणी. दिवसाला दोन-तीनदा थोडंथोडं द्या, त्यात एक वेळ तरी फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). डासांच्या अळ्या सगळ्यात उत्तम खाद्य, पण त्यासाठी घरात पाणी साठवून ठेवू नका. डेंग्यूच्या दिवसांत तो शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ होईल.

पाणी आठवड्यातून दोनदा एक तृतीयांश बदला. तापमान २७ ते २८ अंश. माझ्या अनुभवात मोठं पाणी बदललं, तेही टँकपेक्षा एखाद-दोन अंश गार, की दोन-तीन दिवसांत कौल घासायला सुरुवात होते. दोघं आळीपाळीने तोंडाने ती जागा टोचत राहतात. हे दिसलं की टँकमध्ये हात घालणं बंद.

अंडी घालताना पाहायला मिळालं तर बाकीची कामं सोडा. मादी पोट कौलाला टेकवून खालून वर सरकते आणि मागे अंड्यांची एक ओळ चिकटलेली राहते, मोहरीहून बारीक, फिक्या मधाच्या रंगाची. ती बाजूला होते, नर त्याच ओळीवरून तसाच सरकतो. पुन्हा ती, पुन्हा तो. दीड-दोन तास हे चालतं. शेवटी अंडी मोजायला गेलात तर दोनशेच्या पुढे हिशेब चुकतो.

अंडी खाऊन टाकली! आता?

आता काही नाही. पंधरा दिवसांत पुन्हा घालतील. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचा आवाज रडवेला असतो. नवी जोडी पहिली दोन-तीन वेळा खातेच. त्यांनाही शिकावं लागतं.

चौथ्या-पाचव्या वेळीही खात असतील तर कारण शोधा. टँक जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे का? लहान मुलं काचेवर बोटं वाजवतात का? टँकमध्ये दुसरे मासे आहेत का? एखादा सकर किंवा चार टेट्रा पुरतात, आईबाप दिवसभर त्यांच्यावर धावून धावून थकतात आणि शेवटी ‘दुसऱ्याने खाण्यापेक्षा आपणच’ असं होतं. आणि रात्रीचा दिवा. खोलीतला दिवा फटकन बंद झाला की मासे बिचकतात, अंधारात अंडी सापडत नाहीत. अंडी असेपर्यंत खोलीत शून्य नंबरचा दिवा रात्रभर चालू ठेवा. माझ्या एका जोडीचा प्रश्न एवढ्यानेच सुटला.

अजून एक. अंडी फुटल्यावर आईबाप पिल्लांना तोंडात उचलून दुसऱ्या जागी नेऊन चिकटवतात. पाहणाऱ्याला वाटतं खाल्ली. घाईने जाळी घालू नका, टँकचे बाकीचे कोपरे बघा.

अंडी पांढरी का पडतात?

फळली नाहीत म्हणून. फळलेलं अंडं पारदर्शक राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात गडद ठिपके दिसायला लागतात. न फळलेलं दुधी होतं, मग त्यावर कापसासारखी बुरशी येते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. आईबाप अशी अंडी वेचून खातात. ते काम त्यांना करू द्या.

दोनशेतली वीस-पंचवीस पांढरी पडणं नेहमीचं आहे. सगळीच पडत असतील तर दोन माद्या असतील, नर फार लहान असेल, पाणी फार कठीण असेल, नाहीतर अंडी ज्यावर घातली ती वस्तू हलत असेल आणि नराला नीट जवळ जाता येत नसेल.

अंडी वेगळी काढून पिल्लं काढता येतात का?

येतात, धंदा करणारे तसंच करतात. कौल उचलून दहा-पंधरा लिटरच्या टँकमध्ये, त्याच पाण्यात ठेवायचं. उचलताना पाण्याबाहेर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. अंड्यांच्या खाली थोडं बाजूला एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा), म्हणजे पाणी अंड्यांवरून वाहील पण बुडबुडे थेट आपटणार नाहीत. मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) एवढंच की पाणी आकाशी दिसेल. २८ अंशाला साधारण अठ्ठेचाळीस ते साठ तासांत अंडी फुटतात. मग निळं पाणी थोडंथोडं काढून साधं भरत जायचं. मेथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये टाकू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात.

मला स्वतःला ही पद्धत आवडत नाही. अडल्या वेळी वापरतो. पिढ्यान्‌पिढ्या अशीच काढलेली एंजल आज बाजारात भरली आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जोड्यांना अंड्यांचं करायचं काय हेच कळत नाही असं दिसतं. पिल्लं राखणारी जोडी मिळाली तर तिची पिल्लं पुढे वाढवा. रंगावर जाऊ नका.

पिल्लांना पहिलं खाणं केव्हा आणि काय द्यायचं?

इथेच सगळं घडतं किंवा बिघडतं, म्हणून सविस्तर सांगतो.

अंडी फुटली की लगेच खाणं द्यायचं नाही. पिल्लं चार-पाच दिवस कौलाला डोक्याने चिकटून असतात आणि शेपट्या वळवळत राहतात. पोटाखाली पिवळ्या बलकाची पिशवी असते, तीच त्यांची शिदोरी. त्या काळात टाकलेला प्रत्येक कण फक्त पाणी खराब करतो. मग एका सकाळी कौल रिकामं दिसतं आणि जोडीच्या पोटाखाली धुरकट ढग तरंगताना दिसतो. जवळून बघितलं तर ढगाला डोळे असतात, शेकडो. त्या सकाळपासून खाणं सुरू.

आणि ते खाणं म्हणजे अंड्यांतून नुकतीच बाहेर पडलेली आर्टेमिया. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्या असं जुने लोक सांगतात. मीही दिला होता. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास आला आणि पाचव्या दिवशी एकही पिल्लू नव्हतं. बलक न खाल्लेला राहिला की कुजतो, आणि पिल्लांना तो हलताना दिसत नाही म्हणून ती खातही नाहीत. पिल्लू हलत्या गोष्टीवरच झडप घालतं.

आर्टेमियाची कृती अशी. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, बूड कापलेली, बुचाकडून खाली उलटी टांगलेली. त्यात एक लिटर पाणी आणि पंचवीस ते तीस ग्रॅम साधं जाडं मीठ, आयोडीन नसलेलं. तळापर्यंत हवेची नळी, बुडबुडे जोरात. चिमूटभर आर्टेमियाची अंडी, जवळ दिवा, तापमान २६ ते २८. चोवीस तासांत पाणी केशरी दिसायला लागतं. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, आणि खालच्या बाजूला दिवा धरला तर केशरी जीव तिकडे गोळा होतात. बारीक नळीने तेवढेच ओढा, सुती फडक्यातून गाळा, गोड्या पाण्याने एकदा धुवा आणि ड्रॉपरने पिल्लांच्या ढगात सोडा. टरफलं जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात.

पाच मिनिटांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात केशरी ठिपका दिसतो. तो दिसला की पोट भरलं. दिवसातून तीन ते चार वेळा, थोडं. आर्टेमिया फुटल्यापासून जेवढा वेळ जातो तेवढा तिचा कस कमी होतो, म्हणून दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ ताजी मिळते. आणि पहिली बाटली माशांची अंडी फुटल्यावर तिसऱ्या दिवशी लावायची, पिल्लं पोहायला लागल्यावर नाही. तेव्हा दुकान शोधत फिरलात तर उशीर झालेला असतो.

आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा फ्रिजमध्ये, झाकण घट्ट. ओल लागली की फुटण्याचं प्रमाण घसरतं.

दोन-तीन आठवडे हे चालवा, मग चुरलेलं कोरडं खाद्य सोबत सुरू करा. क्रिब आणि कन्व्हिक्टची पिल्लंही पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात, शिवाय तळाची वाळू, शेवाळ टोचत फिरतात, त्यामुळे ती थोडी सोशिक.

पोहायला लागल्यावर आठवडाभरात पिल्लं मरतात. कशाने?

दोनच कारणं सांगतो, कारण दहापैकी नऊ वेळा त्यांतलंच एक असतं. भूक, किंवा अमोनिया, म्हणजे घाणीतून पाण्यात साठणारं विष. पोटात केशरी ठिपका नसेल तर भूक. ठिपका असूनही मरत असतील तर पाणी. नव्या टँकमध्ये नवा स्पंज लावला असेल तर त्यात घाण पचवणारे जिवाणूच नसतात. पिल्लांच्या टँकचा स्पंज आधी महिनाभर मोठ्या टँकमध्ये चालवून मुरवून घ्या आणि धुताना टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नाही. रोज पाव टँक पाणी बदला. हवेच्या बारीक नळीने तळ ओढा, नळीचं टोक पांढऱ्या बादलीत सोडा, म्हणजे ओढली गेलेली पिल्लं दिसतात आणि परत टाकता येतात.

नर मादीला मारतोय. वेगळं करू का?

एंजलमध्ये थोडी झटापट, तोंडात तोंड धरून ओढणं चालतं. कन्व्हिक्ट आणि क्रिबमध्ये मात्र लक्ष ठेवा. मादी वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभी, पंख फाटलेले, खायला खाली येत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी वेगळी करा. उद्यावर ढकलू नका. उलटही होतं. पिल्लं असलेली क्रिबची मादी नराला टँकमध्ये जागा ठेवत नाही. लपायला दोन जादा आडोसे दिले की बरेच तंटे मिटतात.

क्रिबची सगळी पिल्लं नरच निघाली. असं कसं?

पाणी आम्लधर्मी असेल. क्रिबेन्सिसच्या पिल्लांमध्ये नर-मादीचं प्रमाण सुरुवातीच्या दिवसांतल्या पीएचवर बरंच अवलंबून असतं. आम्लधर्मी पाण्यात नर जास्त. पीएच सातच्या जवळ ठेवा, दोन्ही मिळतील.

मलावीच्या मादीचा गळा फुगलाय आणि ती खात नाही. आजारी आहे का?

अभिनंदन, तिच्या तोंडात अंडी आहेत. जवळून बघा, जबडा खाली ओघळल्यासारखा दिसतो आणि ती मधूनमधून काहीतरी चघळल्यासारखं करते. ती अंडी फिरवते आहे, म्हणजे सगळ्यांना पाणी लागावं.

या माशांची रीत वेगळी. नर सपाट दगडावर किंवा वाळूतल्या खड्ड्यात मादीला बोलावतो, दोघं गोल गोल फिरतात, मादी एकदोन अंडी घालते आणि वळून लगेच तोंडात घेते. नराच्या खालच्या पंखावर अंड्यांसारखेच पिवळे ठिपके असतात. वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण असं की मादी त्या ठिपक्यांना अंडी समजून टिपायला जाते आणि तेव्हा नराचे शुक्राणू तिच्या तोंडात पोचतात. मग साधारण तीन आठवडे ती उपाशी राहून पिल्लं तोंडात वाढवते. यलो लॅबसारख्या माशाची दहा ते पंचवीस पिल्लं असतात, पण बाहेर पडतात तेव्हा चांगली सेंटीमीटरभर, चुरलेलं कोरडं खाद्य लगेच खाणारी. एंजलची तीनशे पिल्लं वाढवून थकलेल्या माणसाला ही फार सुखाची वाटतात.

मलावीसाठी चार फुटी टँक घ्या, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा, म्हणजे नराचा जाच एकीवर येत नाही. आणि एक टँक, एकच जात. वेगवेगळे मलावी एकत्र ठेवले की संकर होतोच. पीकॉक म्हणून विकल्या जाणाऱ्या मलावी माशांच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या दिसायला सारख्याच राखाडी, कुणाची पिल्लं कुणापासून झाली हे तुम्हालाही सांगता येणार नाही. अशी पिल्लं जातीचं नाव लावून पुढे देऊ नका.

मादीच्या तोंडातून पिल्लं काढून घ्यावीत का?

पहिल्या खेपेला नको. गर्दीच्या टँकमध्ये मादीला विसाव्या दिवसाच्या आसपास, दिवे बंद असताना, हळू हाताने वेगळ्या टँकमध्ये हलवा आणि तिची तिला सोडू द्या. नंतर तिला आठवडाभर एकटीलाच खाऊपिऊ घाला. लगेच परत टाकली तर नर पुन्हा मागे लागतो आणि तीन आठवड्यांची उपाशी मादी खचते.

माझ्या पॅरट माशाने अंडी घातली पण कधीच फुटत नाहीत.

ब्लड पॅरट हा माणसाने केलेला संकर आहे आणि त्याचे नर बहुधा वांझ असतात. मादी मात्र अंडी घालते, मनापासून राखते, आणि ती पांढरी पडतात. फ्लॉवरहॉर्न या दुसऱ्या संकराच्या नरांतही वांझपणा बराच आढळतो. तुमचं काही चुकत नाही. अंडी पांढरी पडल्यावर काढून टाका, म्हणजे पाणी बिघडणार नाही.

डिस्कस करून बघू का?

एंजलच्या तीन-चार खेपा यशस्वी झाल्यावर. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टोचून खातात, त्यामुळे अंडी वेगळी काढायची पळवाट तिथे जवळजवळ नाही. पाणी मृदू आणि फार स्वच्छ लागतं.

उन्हाळ्यात आणि लाइट गेल्यावर काय?

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात टँकचं पाणी ३२-३३ पर्यंत जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवा वाढवा, झाकण काढून पाण्यावरून पंखा सोडा, मासे कमी करा. बर्फ थेट टाकू नका. मी एप्रिल-मेमध्ये जोड्या वेगळ्या करून सुट्टीच देतो.

लाइट जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या. स्पंज फिल्टर हवेवरच चालतो, म्हणून एका पंपात दोन्ही कामं होतात. भारनियमनाच्या काळात माझ्याकडची पिल्लं याच्यावरच तगली.

आपल्याकडचा काळुंदर घरी वाढवता येईल का?

या प्रश्नाने मला नेहमी आनंद होतो. आपण दक्षिण अमेरिकेच्या माशांसाठी एवढं करतो आणि आपल्या खाडीत सिक्लिड आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. काळुंदर म्हणजे केरळचा करिमीन. २०१० मध्ये केरळने त्याला राज्यमासा केलं. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘सुरतेन्सिस’ हा शब्द सुरत शहरावरून आला आहे. भारत-श्रीलंकेतल्या या सिक्लिडचे सगळ्यात जवळचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. काळुंदराची जोडीही बुडालेल्या लाकडाला किंवा दगडाला अंडी चिकटवून दोघं मिळून राखते. पण हा मासा वीतभर होतो, निमखाऱ्या पाण्याचा आहे, घरच्या दोन फुटी टँकमध्ये त्याला कोंडू नका.

त्याचा धाकटा भाऊ ऑरेंज क्रोमाइड मात्र घरासाठी अगदी योग्य. आठ सेंटीमीटरचा, हळदी रंगाचा, दुकानात स्वस्तात मिळतो आणि फिका दिसतो म्हणून कुणी घेत नाही. महिनाभर नीट खाऊ घाला, पाण्यात किंचित मीठ ठेवा, सहा जणांचा घोळका करा, मग रंग बघा. याचीही पिल्लं डिस्कससारखी आईबापांच्या अंगाला टोचत फिरतात. आणि निसर्गात हाच मासा काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून देतो, आणि संधी मिळाली की त्याचीच अंडी-पिल्लंही खातो.

तिसरी जात, कॅनरा पर्लस्पॉट, दक्षिण कर्नाटकाच्या परिसरातल्या मोजक्या नद्यांत राहते. नदीतून पकडून विकायला ठेवलेली दिसली तर घेऊ नका.

दोनशे पिल्लं झाली. आता यांचं काय करू?

हा प्रश्न अंडी घालण्याच्या आधी विचारा. जवळच्या दुकानदाराशी आधी बोलून ठेवा. बहुतेक जण पैशांऐवजी खाद्य किंवा सामान देतात, तोही सौदा वाईट नाही. पिल्लं रुपयाएवढी झाल्याशिवाय देऊ नका.

दोनशे पिल्लं शंभर लिटरमध्ये वाढत नाहीत, खुरटतात. महिन्याच्या आत विभागावी लागतात. ज्यांच्या पोटाखालचे लांब पंख आलेच नाहीत, कल्ल्याचं झाकण वळलेलं आहे किंवा पाठ वाकडी आहे, ती पिल्लं विकू नका आणि त्यांच्यापासून पुढची पैदास करू नका. मी अशी पिल्लं वेगळ्या टँकमध्ये ठेवतो. जागा संपते तेव्हा जोडीला अंडी घालू देतो पण पिल्लं काढत नाही. अंडी आईबापांवर सोडून देतो, इतर माशांसोबत.

एक गोष्ट कधीच करू नका. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडणं. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज कोणत्याही धरणावरच्या मच्छीमाराला विचारा, जाळ्यात काय येतं ते सांगेल. पिल्लं राखणारा मासा नव्या पाण्यात का फोफावतो हे तुम्ही तुमच्या टँकसमोर बसून रोज पाहताच आहात. गणपतीच्या तळ्यात सोडली, पुण्य लागेल, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना तुमच्याकडची चार पिल्लं द्या, सोबत एक स्पंज फिल्टर, आणि आर्टेमियाची बाटली लावायला शिकवा.